शहर ओळखता येण्याचा हक्क

मुंबईच्या काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ साली त्याच्या चौकातून हलवला गेला. राजपुत्र असताना हिंदुस्थानात येऊन गेलेल्या सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा सॅसून घराण्याने शहराला दिलेला होता. त्याची रवानगी भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात झाली आणि चौकात गाड्या उभ्या राहू लागल्या. पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिथे घोडा नव्हता. तरीही टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो अचूक तिथेच नेऊन सोडायचा. २०१७ साली त्या भागात नवा घोडा उभा राहिला तो स्वाराशिवाय, आणि ते योग्यच झालं. पुतळा राजाचा होता, पण मुंबईकरांनी राजाला कधीच ध्यानात ठेवलं नव्हतं. त्यांनी घोडा ठेवला, घोड्याचा रंग ठेवला आणि घोडा गेल्यावर जागा ठेवली.

शहर माणसांच्या डोक्यात कसं राहतं, याचा विचार या उदाहरणापासून सुरू करावासा वाटतो. कारण आपल्याकडे शहराच्या रूपाबद्दल बोलणं म्हणजे एक तर जुन्या इमारतींच्या जतनाची चर्चा असते, नाही तर चटईक्षेत्राची. राहणाऱ्या माणसाला आपलं शहर ओळखता येतं का, त्याला त्याची मनात जुळणी करता येते का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जात नाही. माझं म्हणणं असं की शहर ओळखता येणं हा नागरिकाचा पाण्याइतकाच मूलभूत हक्क आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मुंबईने तो सामान्य माणसाकडून मोठ्या प्रमाणावर काढून घेतला आहे.

या विषयाचा पाया केव्हिन लिंच यांनी घातला. अमेरिकेतल्या एमआयटीत नगररचना शिकवणाऱ्या लिंच यांचं ‘द इमेज ऑफ द सिटी’ हे पुस्तक १९६० साली आलं. बॉस्टनमधली तीसेक माणसं आणि जर्सी सिटी व लॉस एंजलिसमधली पंधरा-पंधरा माणसं घेऊन त्यांनी साधे प्रश्न विचारले. तुमच्या शहराचा नकाशा काढा. घरून कामावर जाताना काय काय दिसतं ते सांगा. काय ठळक आठवतं? उत्तरांतून त्यांनी पाच घटक वेगळे केले: वाटा, कडा, वस्त्या, नाके आणि खुणा. जर्सी सिटीच्या लोकांना स्वतःच्या शहराबद्दल सांगण्यासारखं फार थोडं सापडलं, आणि त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलं ते नदीपलीकडे दिसणारं न्यूयॉर्कचं दृश्य. स्वतःच्या शहरात राहून दुसऱ्याच शहराची आकृती ध्यानात ठेवावी लागणं ही किती मोठी वंचना आहे, हे लिंच यांनी फार शांतपणे दाखवलं. त्यांच्या नमुन्यातली माणसं थोडी होती आणि बहुतेक सुस्थित, नोकरदार वर्गातली होती. ही उणीव त्यांनी स्वतःच कबूल केली. तरीही प्रश्न विचारण्याची त्यांची रीत आजही मला सर्वांत प्रामाणिक वाटते. ज्याचं शहर, त्यालाच विचारा.

मुंबईकराला हाच प्रश्न विचारला तर तो कागदावर पहिली रेघ रेल्वेची ओढेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, आणि त्यानंतर हे शहर रुळांच्या आधारानेच उत्तरेकडे वाढत गेलं. लिंच यांच्या भाषेत वाट वेगळी आणि कड वेगळी. मुंबईत रेल्वे एकाच वेळी दोन्ही आहे. ती माणसाला नेते आणि त्याच रुळांनी वस्तीचे दोन तुकडे करते. पूर्व आणि पश्चिम हे शब्द इथे दिशा कमी आणि पत्ता जास्त सांगतात. दादर पूर्वेचा माणूस वर्षानुवर्षं पश्चिमेला भाजी घ्यायलाही जात नाही, असं घडू शकतं. आणि उपनगरात आयुष्य काढलेली जुनी माणसं आजही फोर्टात जायचं असेल तर ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणतात.

रेल्वेने दिलेला हा मनातला नकाशा नेमका आहे, पण अरुंद आहे. रोज प्रवास करणाऱ्याला कुठल्या स्थानकावर पूल कोणत्या डब्यासमोर येतो, हे झोपेतही ठाऊक असतं. पण दोन स्थानकांमध्ये जमिनीवर काय आहे, हे त्याला अनेकदा माहीत नसतं. करी रोड मध्य रेल्वेवर आणि लोअर परळ पश्चिमेवर. स्थानकांच्या यादीत ती कधीच शेजारी येत नाहीत, म्हणून नवखा माणूस दादरला उतरून गाडी बदलतो. गिरणगावात वाढलेला माणूस पूल ओलांडून चालत पोचतो. दोघांच्या डोक्यात एकाच शहराच्या दोन वेगळ्या आकृत्या असतात, आणि दुसरी जास्त खरी असते. लिंच यांचे शिष्य डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी व्हेनेझुएलातल्या ग्वायाना शहरात केलेल्या अभ्यासात हेच आढळलं होतं: बहुतेकांचे नकाशे एकामागून एक येणाऱ्या जागांच्या साखळीसारखे होते. शहर पसरलेलं असतं. पण ज्याला ते एकाच वाटेने दाखवलं जातं त्याच्यासाठी ते तेवढंच लांबट राहतं.

लिंच यांच्या पाच घटकांत एका गोष्टीला जागा नाही आणि मुंबईत तिच्याशिवाय काहीच नीट समजत नाही. ती म्हणजे जमिनीची पातळी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या शहराचा वेगळाच नकाशा चालू असतो. हिंदमाता, गांधी मार्केट, शीव, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं एरवी साधे थांबे आहेत, पण पावसाळ्यात ती धोक्याच्या खुणा होतात. कुठे पाणी आधी भरतं, कुठे उशिरा ओसरतं, कुठल्या गल्लीतून गेलं तर गुडघ्याऐवजी घोट्यापर्यंतच भिजू, हे ज्ञान रिक्षावाल्यांकडे, दूधवाल्यांकडे, शाळेत मुलांना सोडणाऱ्या बायकांकडे असतं. बेटांमधली खाजणं भरून हे शहर उभं राहिलं. ती भरणी कुठे झाली हे इतिहासाच्या पुस्तकात न वाचताही लोकांना पायांनी माहीत असतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या, फोन लागेनासे झाले, आणि लाखो माणसं रुळांवरून, महामार्गांवरून चालत घरी निघाली. त्या रात्री ज्याच्या डोक्यात शहराची आकृती होती तो उंचवटा शोधू शकला. हातातल्या फोनवर रस्ता दिसतो म्हणून डोक्यातल्या नकाशाची गरज संपली, असं म्हणणाऱ्यांनी ती रात्र आठवावी.

पण हा हक्क कसा हिरावला गेला ते पाहायचं तर गिरणगावातच जावं लागतं. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड, वरळी. हा भाग शहरातला सर्वांत स्पष्ट ओळखता येणारा भाग होता, असं मला ठामपणे वाटतं. चिमण्या दुरून दिसायच्या आणि कोणती चिमणी कोणत्या गिरणीची, हे पोरासोरांना माहीत असायचं. गिरण्यांच्या उंच दगडी भिंती म्हणजे कडा. त्यांच्या बाहेर चाळी, चाळींमध्ये कोकणातल्या नाही तर घाटावरच्या एकेका गावाच्या खोल्या, खानावळी, तालमी, भजनी मंडळं. आणि या सगळ्यावर भोंगा. लिंच यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या शहराचा अभ्यास केला. गिरणगाव कानांनीही ओळखलं जायचं. पहिल्या पाळीच्या भोंग्याने चुली पेटत, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याने रस्त्यावर गर्दी उतरे. कुठला भोंगा कुठून आला यावरून माणूस स्वतः कुठे आहे ते सांगू शकायचा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींतून २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक उभं केलं. आडारकर वास्तुरचनाकार आहेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शहराची आकृती इमारती मोजून कळत नाही, माणसांना बोलतं करून कळते, हे त्या पुस्तकाने आपल्याच मातीत दाखवून दिलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ढोबळमानाने असं ठरवलं होतं की पुनर्विकासात जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावा. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा सलग, एकत्रित विचार मांडला. मग २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीची जमीन बहुतेक बांधकामाने व्यापलेली असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उच्च न्यायालयाने या अर्थाला आक्षेप घेतला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच उचलून धरला.

या निर्णयाने घरं आणि मैदानं गेली, याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण आणखी एक गोष्ट गेली. दीडशे वर्षांत पहिल्यांदा त्या भिंती पाडून आरपार रस्ते काढायची संधी आली होती. गिरणीच्या आवाराला वळसा घालून जाणारा माणूस सरळ चालत जाऊ शकला असता. करी रोड, लोअर परळ, वरळी नाका हे सगळं एका चालण्यात जोडता आलं असतं. प्रत्येक गिरणी स्वतंत्रपणे विकसित झाली आणि भिंती राहिल्या. त्यांच्या आत आता मॉल, कचेऱ्या आणि टॉवर आहेत. तळाशी वाहनतळांचे मजले, फाटकावर रखवालदार. सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिलची चिमणी सजावट म्हणून उभी आहे. खूण शिल्लक आहे, पण ती ज्या वस्तीची वाट दाखवत होती ती वस्ती विरत चालली आहे. आणि विक्रीच्या जाहिरातींनी लोअर परळला ‘अपर वरळी’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा उरलेली आकृतीही पुसण्याचा प्रयत्न झाला. महागड्या घरांसाठी जुन्या कामगारवस्तीचं नाव नको होतं, एवढंच त्यामागचं कारण आहे.

याची किंमत नुसती हळहळीची नाही. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, हजारो नवी माणसं रोज येऊ लागली, पण त्यांना सुचणाऱ्या आणि सापडणाऱ्या वाटा जुन्या आणि मोजक्याच राहिल्या. त्याच परिसरातला डिलाईल पूल २०१८ साली बंद झाला तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ उजाडलं. एल्फिन्स्टनचा जुना रस्ता पूल २०२५ च्या सप्टेंबरात पाडकामासाठी बंद झाला. पूल दुरुस्त करावे लागतात, पाडावेही लागतात. त्याला विरोध असण्याचं कारण नाही. पण ज्या शहरात पूर्व-पश्चिम ओलांडण्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, तिथे एक पूल बंद होणं म्हणजे आजूबाजूच्या हजारो माणसांचा मनातला नकाशा एका रात्रीत मोडणं. नियोजनाच्या कागदांत त्याचा हिशेब वाहनांच्या संख्येत होतो. मुलांना शाळेत नेणारी आजी त्यात कुठेच नसते.

उड्डाणपुलांनी हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. भायखळ्याकडून व्हीटीकडे नेणाऱ्या जेजे उड्डाणपुलावरून जाणारा माणूस मोहम्मद अली रोडच्या तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांना लागून जातो. खाली मिनारा मशीद आहे, भेंडी बाजार आहे, रमजानच्या रात्रींची गर्दी आहे. वरून जाणाऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक होत नाही. दुचाकींना या पुलावर बंदी आहे, म्हणजे खालचं शहर कुणी पाहायचं आणि वरचं कुणी, हेही वाहनावरून ठरतं. लालबागच्या अडीच किलोमीटर लांबीच्या उड्डाणपुलाने २०११ नंतर एका पिढीला लालबाग वरून ओलांडायला शिकवलं. लिंच यांच्या मते बहुतेकांच्या मनात शहर वाटांभोवती रचलं जातं. जी वाट वस्तीला स्पर्शच करत नाही, तिच्याभोवती काय रचलं जाणार?

जेजे पुलाचं अधिकृत नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल असं आहे. त्या सुफी संताबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ते नाव रस्त्यावर कुणाच्या तोंडी नाही. सात रस्त्याला संत गाडगे महाराज चौक म्हणतात, हे तिथे राहणाऱ्यांनाही पाटी वाचून कळतं. १९९६ आणि २०१७ असं दोनदा स्थानकाचं नाव बदलूनही पुष्कळ मुंबईकर व्हीटीच म्हणतात. म्हणून मला वाटतं, लोकांच्या तोंडी असलेलं नाव हीदेखील शहराच्या रूपाची एक बाजू आहे आणि ते मोडताना तेवढाच विचार व्हायला हवा. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतल्या सात स्थानकांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात करी रोडचं लालबाग, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, चर्नी रोडचं गिरगाव, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी अशी नावं आहेत. राजकारण काहीही असो, या चार नावांचं मी स्वागत करतो, कारण इथे कागद लोकांच्या मनातल्या शहराजवळ आला आहे.

इथवर ‘लोक’ हा शब्द मी सरसकट वापरला. तो तसा वापरता येत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजलिसमध्ये वेगवेगळ्या वस्त्यांतल्या माणसांकडून शहराचे नकाशे काढून घेतले गेले, तेव्हा सुखवस्तू गोऱ्या वस्तीतल्यांचा नकाशा मैलोन्‌मैल पसरलेला निघाला आणि बॉइल हाइट्समधल्या स्पॅनिश भाषकांचा काही गल्ल्या, बस स्थानक आणि सिटी हॉल एवढ्यात संपला. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या स्त्रियांबद्दल दाखवलं की बाहेर असण्याला त्यांना सतत काहीतरी काम दाखवावं लागतं. ज्याला निष्कारण भटकता येत नाही त्याच्या मनातलं शहर कामापुरतं राहतं: घर, स्थानक, बाजार, शाळा. शिवाय ते वेळेनुसार बदलतं. दुपारची जवळची गल्ली रात्री नऊनंतर नकाशातून गळून पडते आणि लांबचा, पण दुकानं उघडी असलेला रस्ता तिची जागा घेतो. फेरीवाल्यांचे दिवे हटवले की रस्ता मोकळा झाला असं पालिका म्हणते. त्या रस्त्याने रात्री घरी जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो रस्ता बंद झालेला असतो.

एक आक्षेप मला माहीत आहे. शहर बदलतच असतं, नवी पिढी नव्या खुणा शोधेल, तुम्ही चिमण्यांसाठी रडता म्हणून कुणी चाळीतच कुजावं काय? वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या झाल्या आहेत. एकशे साठ चौरस फुटांत संसार केलेल्या माणसाला मोठं घर मिळतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. चाळ टिकवा असं मी म्हणणार नाही. पण चाळी पाडताना त्यांच्यामधली वाट कुठून कुठे जात होती, मधल्या मैदानात कोण येत होतं, कोपऱ्यावरचा नाका कशामुळे नाका झाला होता, हे नोंदवून नव्या रचनेत उतरवायला चटईक्षेत्र कमी पडत नाही. नवी पिढी नव्या खुणा शोधतेच, पण त्यासाठी शोधण्यासारखं काहीतरी असावं लागतं. एकसारख्या भिंती, एकसारखी फाटकं आणि आत जाण्यासाठी ओळखपत्र, यांतून कुणाच्याही मनात शहर तयार होत नाही.

आणि लोकांची स्मृती कामाला येते याचा पुरावा मुंबईनेच दिला आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळं गायब झाली होती, जागांच्या नोंदी चुकल्या होत्या. हजारो हरकती आल्या. त्या पाठवणारे बहुतेक तज्ज्ञ नव्हते. आपल्या गल्लीत काय आहे हे माहीत असलेली साधी माणसं होती, आणि त्यांनी नकाशा तपासला. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदा मागे घ्यायला लावला. सुधारलेला आराखडा २०१८ साली मंजूर झाला. सर्वेक्षकांना जे सापडलं नाही ते रहिवाशांच्या डोक्यात होतं, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली. पुढे मात्र ती कुणी पद्धत म्हणून स्वीकारली नाही.

ती स्वीकारायला फार खर्च येत नाही. समूह पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत तिथल्या स्त्रिया, मुलं, म्हातारी माणसं, फेरीवाले आणि भाडेकरू यांनी काढलेले नकाशे जोडणं बंधनकारक करता येईल. वापरातल्या पायवाटा सार्वजनिक म्हणून नोंदवता येतील. मोठ्या आवारांतून दिवसा तरी आरपार जायला वाट ठेवण्याची अट घालता येईल. बसथांब्यांना लोकांच्या तोंडी असलेली नावं देता येतील. आणि प्रशासन हे आपणहून करेपर्यंत थांबायची गरज नाही. नगररचना कायद्याने आराखड्यावर हरकत घेण्याचा अधिकार प्रत्येकाला दिला आहे. तुमच्या भागाचा आराखडा किंवा पुनर्विकासाचा प्रस्ताव जाहीर झाला की हरकतीच्या अर्जाबरोबर एका कागदावर तुमची रोजची वाट काढून जोडा. कुठून निघता, कुठे वळता, कुठे पाणी भरतं, कुठे रात्री भीती वाटते, कुठल्या खुणेवरून घर जवळ आलं हे कळतं, ते सगळं लिहा. आईलाही काढायला सांगा, मुलांनाही. आणि त्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.